आईचं नाव, कागदावरचं

"आईचं नाव?"

मान वर न करता, डाव्या हाताने अर्ज सरळ करत आणि उजव्या हाताने लाल पेनाचं टोपण काढत ती विचारायची. समोरच्याने उत्तर दिलं की लगेच पुढचं वाक्य यायचं. "घरी हाक मारतात ते नको. कागदावरचं."

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात ऑफिसला तीन खिडक्या आहेत. पहिलीत प्रवेश, दुसरीत फी, तिसरीत परीक्षेचे आणि पदवीचे अर्ज. या तिसऱ्या खिडकीत ती बसायची. तुम्हीही कधीतरी अशा एखाद्या खिडकीसमोर उभे राहिला असाल. आतल्या माणसाचा चेहरा आपल्याला आठवत नाही, हात आठवतात. तिचे हात लहान होते. उजव्या अंगठ्यावर कागद उलटायची रबरी टोपी असे आणि ती चहा पितानाही काढलेली नसे.

मुलं तिला ‘तीन नंबरच्या बाई’ म्हणत. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल आहे. जगातल्या प्रत्येकाचं नाव नीट लिहिलं जावं म्हणून धडपडणारी ही बाई मला मात्र ‘लायब्ररी’ म्हणायची. "काय लायब्ररी, डबा उघडायचा का?" अशी दुपारी एक वाजता हाक यायची. मग मीही तिला ‘तीन नंबर’ म्हणू लागले. अठरा वर्षं आम्ही एकमेकींना अशाच हाका मारल्या.

पदवीच्या कागदावर नाव देवनागरीतही छापून येतं आणि आईचंही येतं. त्यामुळे अर्जात चूक झाली की ती जन्माची चिकटते. ही भीती तिच्या मनात इतकी होती की अर्ज तपासताना ती ओठ हलवून नावं वाचायची. एका मुलाने आईचं नाव ‘संगिता’ लिहिलं होतं. तिने लाल पेनाने ‘गि’भोवती गोल केला.

"संगीता. दुसरी वेलांटी."

"चालतं ना मॅडम, कळतंय की."

"तुला कळतंय. तिला चालतंय का, विचारलंस?"

मुलाने दुसरा अर्ज भरला. त्याच्या मागे रांगेत असलेल्या चौघांनी गुपचूप आपापले अर्ज पुन्हा वाचले.

असाच एक मुलगा मढहून यायचा. सकाळी तरीने खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायचा, तिथून बस पकडून कॉलेज. त्याला आईचं नावच माहीत नव्हतं. घरात, गल्लीत, चर्चमध्ये सगळे तिला बेबी म्हणत. तीन नंबरने त्याला खिडकीतूनच घरी फोन लावायला सांगितला. पलीकडून आईचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. कॉलेजवाले आईचं नाव विचारतायत म्हणजे पोराने काहीतरी लफडं केलंय, अशी तिची खात्रीच झाली होती. शेवटी तीन नंबरने स्वतः फोन हातात घेतला, मुलगा पास झालाय असं दोनदा सांगितलं आणि मग हळूच विचारलं, "बाप्तिस्म्याचं नाव काय हो तुमचं?" मग नाव आलं, फिलोमिना. तिने ते अक्षर अक्षर तोडून लिहून घेतलं आणि म्हणाली, छान आहे की, लपवून कशाला ठेवलंत.

आमच्या कॉलेजच्या समारंभात विद्यार्थ्याचं नाव वाचल्यावर ‘आई’ असं म्हणून आईचं नावही वाचतात. ही पद्धत तिनेच पाडली. प्राचार्यांना तिने कसं पटवलं ते मला माहीत नाही, पण नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं ते तिच्यामुळे. लायब्ररीचा आवाज स्पष्ट आहे आणि ती घाई करत नाही, एवढीच तिची शिफारस. मग समारंभाआधी आठवडाभर ती प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक पांढरं कार्ड भरून घ्यायची. लांब नावात श्वास कुठे घ्यायचा तिथे लाल उभी रेघ मारायची. कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून खाली बारीकशी सही करायची. माझ्या हातात येणारं प्रत्येक कार्ड असं तिच्या नजरेखालून आलेलं असे. मीही कार्डावर नसलेलं एक अक्षर कधी वाचलं नाही. आमच्या मैत्रीत न बोलता झालेला हा एकच करार होता.

निमंत्रणाच्या मसुद्यात कोणी ‘पदवीदान’ लिहिलं की ती ते खोडून ‘पदवी प्रदान’ करायची. "दान कसलं? अभ्यास केलाय पोरांनी," असं पुटपुटायची.

तिची मुलगी आमच्याच कॉलेजात शिकली. तीन वर्षं ती आईच्या खिडकीकडे फिरकली नाही, परीक्षेचे अर्जही मैत्रिणींच्या हाती पाठवायची. वर्गात कोणाला कळू नये अशी दोघींचीही इच्छा होती. पदवीचे अर्ज निघाले तेव्हा मात्र तिला रांगेत उभं राहावंच लागलं. मी तेव्हा ऑफिसात पुस्तकांच्या बिलांवर सही घ्यायला गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं.

मुलीने अर्ज आत सरकवला. तीन नंबरने सवयीने मान खाली ठेवूनच विचारलं, "आईचं नाव?"

रांग हसली, म्हणजे वर्गाला ते केव्हाच कळलं होतं. तेव्हा तिने वर पाहिलं. मुलगी हसत नव्हती. तिने एक नाव सांगितलं, चार अक्षरांचं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं.

तीन नंबरच्या हातातलं पेन थांबलं. "दहावीच्या गुणपत्रिकेवर काय आहे?"

"तुझं बदललेलं."

"मग तेच लिही. पुढचा."

"आई, तू ना..."

"पुढचा."

दुपारी डबा उघडल्यावर मी काही विचारलं नाही. मला उत्सुकता नव्हती असं नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला आपल्याला माहीत नसलेलं नाव आहे, हे कळल्यावर जेवणात लक्ष कसं लागेल? पण मी थांबले आणि तिनेच सांगितलं.

अर्जाला लागणारी कागदपत्रं शोधताना मुलीच्या हाती एक जुनी फाइल आली होती. त्यात एक बी. कॉम.ची पदवी निघाली. तिने आईला विचारलं, ही कोण गं? ती म्हणाली, मीच. लग्न झालं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. लग्नात ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. माहेरचं चार अक्षरी, सासरचं दोन अक्षरी.

"ताट लहान होतं गं," ती म्हणाली. "ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले, खाल्ले. नाव राहिलं."

ती हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. नवरा शांत, सरळ माणूस. नाव सासूबाईंनी निवडलं होतं आणि त्यांनी ते प्रेमानेच निवडलं होतं. पुढे राजपत्रात बदल छापून आला, नोकरी त्याच नावावर लागली. तिच्या पदवीचं बोलावणं मात्र बोरिवलीला माहेरी, जुन्या नावाने आलं. ती समारंभाला गेली नाही. पदवी नंतर पोस्टाने मागवली.

"का नाही गेलीस?"

तिने लोणच्याची फोड पोळीच्या कडेला सारली. "पुकारलं असतं आणि मी उठले असते, तर बाजूला बसलेल्या सासूबाईंना वाटलं असतं, ही दुसऱ्याच कोणाच्या नावावर उठली."

आता मुलीला पदवीवर आईचं तेच पहिलं नाव हवं होतं. तीन नंबरने तिला स्वच्छ सांगितलं होतं की ते होणार नाही. दहावी, बारावी, आधार, सगळीकडे दोन अक्षरी नाव आहे. एका कागदावर वेगळं आलं की पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत मुलीची वाट लागेल. न जुळणारे शेकडो अर्ज तिने परत पाठवले होते. स्वतःचा कसा घेणार?

"आणि मला तरी आता त्याचं काय आहे?" ती म्हणाली. डब्याचं झाकण लावताना मात्र ते तिच्याकडून दोनदा वाकडं बसलं.

समारंभ दोन आठवड्यांवर आला तशी तिच्या घरात तयारी सुरू झाली. त्या घराचा कारभार ती खिडकीसारखाच चालवायची. नवऱ्याला सूचना होती की पालकांनी अर्धा तास आधी यायचं, ओळखपत्र आणायचं आणि मोबाइल बंद ठेवायचा. ही सूचना तिने घरी तोंडी दिली आणि नंतर व्हॉट्सॲपवरही पाठवली. सासूबाईंचे गुडघे दुखत, म्हणून सभागृहाच्या पायऱ्या तिने स्वतः मोजून पाहिल्या आणि वाटेत बसायला एक स्टूल ठेवायची परवानगी काढली. सासूबाईंना नातीला सभागृहातच ओवाळायचं होतं. आत निरांजन लावता येत नाही, हे त्यांना पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. अखेर औक्षण घरून निघताना उंबऱ्यात करायचं ठरलं, पण त्या बदल्यात नातीने पदवी घेताना खांद्यावर घालायचं उपरणं आधी घरी आणून दाखवायचं. तेही झालं. आजीने उपरण्याला इस्त्री करायला लावली आणि काठ जरा बरा हवा होता, असा शेरा मारला.

एका गोष्टीवर मात्र भांडण झालं. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन पास. तिने एक सासूबाईंना दिला, एक नवऱ्याला. मुलगी संतापली. मी म्हटलं, माझ्याकडे कर्मचाऱ्यांचा जादा पास आहे, तो घे आणि पालकांत बस.

"स्टाफचा पास पालकांना चालत नाही. नोटीस मीच लावलीय ना बोर्डावर."

"अगं, एक दिवस."

"आणि कार्डं कोण लावणार? मी व्यासपीठाच्या बाजूलाच असणार. पालकांपेक्षा जवळ."

समारंभाच्या चार दिवस आधी तिची मुलगी लायब्ररीत आली. पुस्तक घ्यायला आल्यासारखी कपाटांमधून फिरली, मग माझ्या टेबलाशी येऊन तिने एक पांढरं कार्ड पुढे केलं. तिच्याच अक्षरात तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि खाली आईचं चार अक्षरी नाव. कोपऱ्यात ‘तपासले’ नव्हतं.

"मावशी, पदवीवर नाही येणार, मला मान्य आहे. पण कार्ड काय कुठल्या कागदाशी जुळायला लागत नाही ना? वाचायचं आणि संपलं."

"आईने तपासलेलं कार्ड येईल माझ्याकडे."

"येऊ दे ना. तू हे वाच." मग जरा थांबून म्हणाली, "तिने आख्ख्या कॉलेजच्या आयांची नावं वाचायला लावली यार. तिचं कोणी वाचलंय का कधी?"

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कार्ड खणात ठेवलं. ते चार दिवस मी विचित्र कुतूहलात काढले. पुस्तकं लावताना ते नाव मनात म्हणून बघायचे आणि मग डब्याच्या वेळी समोर बसलेल्या तिच्याकडे बघायचे. ते नाव तिच्यावर बसतं का, हे मला पाहायचं होतं. कधी वाटे, बसतं. कधी वाटे, ही दुसरीच कोणी मुलगी, बोरिवलीच्या घरात राहिलेली. मला तिचं मन कळत नव्हतं. ‘मला त्याचं काय आहे’ हे तिने खरंच म्हटलं असेल, तर सासूबाईंसमोर, सगळ्यांसमोर ते नाव उच्चारणं म्हणजे तिचा विश्वास मोडणं. आणि खरं नसेल, तर ही एकच वेळ होती. विचारायचीही सोय नव्हती. विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. नियम तिचा होता.

समारंभाच्या दिवशी तिने मोरपंखी साडी नेसली होती. अंगठ्यावर रबरी टोपी होतीच. सासूबाई पहिल्या रांगेच्या कडेला, गुडघ्यावर रुमाल टाकून बसल्या होत्या. शेजारी तिचा नवरा, पांढऱ्या शर्टात, मोबाइल खरोखरच बंद करून. तीन नंबर व्यासपीठाच्या पायरीशी यादी घेऊन उभी होती आणि एकेका वर्गाचा गठ्ठा माझ्या हातात देत होती.

तिच्या मुलीच्या वर्गाचा गठ्ठा आला. एकेक नाव वाचत मी त्या कार्डाशी पोचले. तिच्या सुबक अक्षरात, लाल रेघा मारलेलं, तपासलेलं. माझ्या फाइलच्या कप्प्यात दुसरं कार्ड होतं. मुलगी पायरी चढली. मी तिचं नाव वाचलं, वडिलांचं वाचलं, आडनाव वाचलं.

"आई," मी म्हटलं आणि थांबले.

किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे थोडा जास्तच असेल. मग मी फाइल उघडून, दुसऱ्या कार्डावरचं नाव वाचलं.

चुकीचं नाव वाचलं गेलं की तीन नंबर काय करायची, ते मला पाठ होतं. ती लगेच यादीवर बोट ठेवून वरून खाली येत चूक शोधायची. तिने तेच केलं. रबरी टोपीचा अंगठा यादीवरून सरसर खाली आला. मग तो थांबला. तिने वर पाहिलं नाही. व्यासपीठावर तिच्या मुलीने पदवी घेतली, टाळ्या झाल्या, छायाचित्र निघालं. ती यादीकडेच बघत होती, अंगठा तसाच ठेवून. पुढचा गठ्ठा द्यायला ती आली तेव्हा एवढंच म्हणाली, "कार्ड."

मी फाइलमधलं दिलं. तिने ते पाहिलं आणि पर्समध्ये ठेवलं. एरवी वाचून झालेली कार्डं रद्दीच्या पिशवीत जायची.

मला वाटलं, सोमवारी ती डबा घेऊन येणार नाही. एक वाजला आणि हाक आली. "काय लायब्ररी."

तिने सांगितलं ते असं. घरी परतताना टॅक्सीत सासूबाईंनी विचारलं, त्या बाईंनी नाव कोणाचं घेतलं? नवरा बाहेर बघू लागला. नात म्हणाली, आईचं, लग्नाआधीचं. तिला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. वाकोल्याच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझं पहिलं विचारलंस का कधी?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी विचारलं. त्यांना पटकन आठवेना. घराशी आलो तेव्हा आठवलं. आणि लायब्ररी, इतक्या हसल्या त्या. म्हणाल्या, मला विहिरीवरून या नावाने हाक मारायचे." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "चोवीस वर्षं एका स्वयंपाकघरात आहोत आम्ही. आणि मी खिडकीत बसून जगाला विचारते."

ते नाव काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते घरातलं आहे, तुला कशाला? माझ्या वाचण्याबद्दल ती चांगलं बोलली नाही आणि वाईटही बोलली नाही. डबा धुवायला उठताना मात्र तिने माझा डबाही उचलून नेला. असं तिने आधी कधी केलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी ती आजारी पडली आणि तीन महिन्यांत गेली. तीन नंबरच्या खिडकीत आता दुसऱ्या बाई आहेत. चांगल्या आहेत. अर्ज संगणकावर भरतात, नावं आपोआप उमटतात, कोणाला काही विचारावं लागत नाही. नावांची कार्डंही छापूनच येतात. लाल रेघा नसल्यामुळे माझा श्वास आता मधेच कुठेतरी संपतो. दुपारी एक वाजता मी डबा उघडते. थोडा उशिराच उघडते.

हे लिहायला मला वर्ष लागलं. तिचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोन्हींपैकी कोणतं लिहायचं, ते तिला विचारायचं राहून गेलं.

मागच्या महिन्यात तिची मुलगी लायब्ररीत आली. आता ती अंधेरीला नोकरी करते. आईची पर्स आवरताना एक वस्तू निघाली, ती मावशीला दाखवायची होती, म्हणाली. तेच कार्ड होतं. कडा मऊ झाल्या होत्या, म्हणजे ते पुष्कळदा काढून पुन्हा ठेवलं गेलं असावं.

मुलीने आईच्या चार अक्षरी नावात दुसऱ्या अक्षराला पहिली वेलांटी दिली होती. मीही त्या दिवशी ते ऱ्हस्वच वाचलं होतं. त्या अक्षराभोवती लाल गोल होता. शेजारी तिच्या सुबक हाताने दुसरी वेलांटी काढलेली. आणि कोपऱ्यात, खाली बारीक सहीसकट, ‘तपासले’.

"बघ ना," मुलगी म्हणाली. "चूक होती, तर बोलली का नाही?"

मी कार्ड जवळ घेतलं आणि, लायब्ररीत मोठ्याने बोलायचं नसतं तरी, ते नाव पुन्हा एकदा वाचलं. समारंभात वाचते तसं, सावकाश. पलीकडच्या टेबलावरच्या दोन मुलींनी माना वर केल्या.

या वेळी दीर्घ.